नकारांची वही

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

आदरणीय गुरुजन आणि दहावी मार्च १९९६ च्या माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजन समितीचा मला फोन आला, "प्रत्येक तुकडीतून एकाने पंधरा मिनिटं अनुभवाचं बोलायचं आहे. 'ब' तुकडीतून तू." मी विचारलं, विषय काय? पलीकडून उत्तर आलं, "नकार कसा पचवायचा. आपल्या बॅचमध्ये तुझ्याइतके नकार कोणी घेतले नसतील. त्यातले निम्मे तर आम्हीच दिलेत!"

हसा, हसा. मीही हसले. पण फोन ठेवल्यावर वाटलं, बोलायचं असेल तर याच विषयावर बोलावं आणि याच लोकांसमोर बोलावं. कारण माझ्याकडून या सभागृहाला काही देणं राहिलं आहे.

गुरुजनांना कदाचित माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. मी इंजिनिअरिंग करून पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला लागले आणि आजही तेच काम करते. पण २०१४ ते २०१६ अशी सव्वादोन वर्षं नोकरी सांभाळून मी नेटवर्क मार्केटिंगही केलं. साबण, टूथपेस्ट, प्रोटीन पावडर. या वस्तू स्वतः वापरायच्या, दुसऱ्यांना विकायच्या, आणि मुख्य म्हणजे आपल्यासारखे आणखी विक्रेते जोडायचे. त्यांच्या खरेदीवर आपल्याला कमिशन. ज्याने आपल्याला जोडलं तो आपला अपलाइन, आपण ज्यांना जोडलं ते आपले डाउनलाइन. आणि ज्यांना अजून जोडायचं आहे ते म्हणजे तुम्ही सगळे.

मी यात का शिरले? लोभ होताच, नाही म्हणत नाही. पण त्याआधी भीती होती. आमच्या टीममधल्या दोघांना एका शुक्रवारी दुपारी बोलावून लॅपटॉप जमा करायला सांगितलं. दोघंही माझ्याहून हुशार. घरी मोठं कर्ज, मुलगी लहान. त्याच महिन्यात एका सहकाऱ्याने रविवारी एका हॉटेलच्या हॉलवर नेलं. स्टेजवर माझ्याच वयाची, माझ्यासारखीच इंजिनिअर बाई होती. ती म्हणाली, "मी आता कोणाच्या ई-मेलला घाबरत नाही." मला बाकीचं काही ऐकू आलं नाही. तेवढंच एक वाक्य घेऊन मी घरी आले.

पहिला गृहपाठ होता शंभर नावांची यादी. नेमका त्याच वर्षी आपला व्हॉट्सॲप ग्रुप सुरू झाला होता. आठवतंय ना? अठरा वर्षांनी एकेक जण सापडत होता. कोणी जुने फोटो टाकत होतं, कोणी शिपाईमामांच्या घंटेची आठवण काढत होतं. आपण सगळे रात्री बारा-बारापर्यंत जागत होतो. मीही जागत होते, पण हातात वही घेऊन. वहीत एक ते सत्तेचाळीस नावं आपल्या वर्गातली आहेत. प्रत्येक नावापुढे रकाने आखले होते : नोकरी काय, पैशाची गरज किती, ओळखी किती. ती वही मी आज सोबत आणली आहे. परवा चाळली तेव्हा लक्षात आलं, 'शेवटचं कधी भेटलो' असा रकानाच नव्हता.

मग फोन सुरू झाले. "अगं, किती वर्षांनी! ये ना चहाला." तुमच्यातले कितीतरी जण हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून माझ्याकडे आले ते खरोखर चहाला आले होते. कोणी येताना राजवाड्यावरून कंदी पेढे आणले होते. चहा संपायच्या आत मी कागद काढून त्यावर गोल काढायला सुरुवात करायचे.

आता विषयाकडे येते. नकार कसा पचवायचा, याचं आम्हाला पद्धतशीर शिक्षण मिळायचं. काही लोक हो म्हणतील, काही नाही म्हणतील, त्याचं काय एवढं, पुढच्याकडे चला. प्रत्येक 'नाही' तुम्हाला पुढच्या 'हो'च्या जवळ नेतो, म्हणून नकार मोजा. 'नाही' म्हणजे 'आत्ता नाही', अठ्ठेचाळीस तासांत पुन्हा फोन करा. आणि जो फारच विरोध करेल तो तुमची स्वप्नं चोरणारा आहे, त्याच्यापासून लांब राहा.

यातलं सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. मी शाळेत किती बुजरी होते ते बाईंना आठवत असेल. उभं राहून कविता म्हणायची वेळ आली की मला ताप यायचा. अनोळखी माणसाशी बोलायची भीती त्या दोन वर्षांत गेली, ती कायमची. त्याचा नोकरीतही उपयोग झाला. 'नाही' ऐकून कोणी मरत नाही, हे मला तिथेच कळलं.

पण त्या शिक्षणात एक खोट होती आणि ती कळायला मला फार वेळ लागला. आम्हाला नकार मोजायला शिकवलं, वाचायला शिकवलं नाही.

आपल्याकडे तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धत नाही. आपण 'बघू' म्हणतो. "ह्यांना विचारून सांगते" म्हणतो. "मुलांच्या परीक्षा होऊ देत" म्हणतो. समोरच्याचा मान राहावा म्हणून दिलेला तो नकार असतो. मी याच मातीत वाढले, मला 'बघू'चा अर्थ ठाऊक नव्हता का? चांगला ठाऊक होता. पण तो नकार नसून उघडं दार आहे असं शिकवलं होतं, म्हणून मी दोन दिवसांनी पुन्हा फोन करायचे, मग पुन्हा. ज्यांनी माझा मान राखला त्यांनाच मी जास्त छळलं. एका मैत्रिणीने शेवटी ग्रुपच सोडला. मी वहीत तिच्या नावापुढे लिहिलं, 'नकारात्मक'.

गंमत बघा. दिवसा ऑफिसमध्ये आमच्याकडे टेस्टर नावाचा माणूस असतो. आम्ही लिहिलेला प्रोग्राम तो चालवून बघतो आणि परत पाठवतो, इथे चुकतंय म्हणून. तो रोज नकारच देतो, त्याचा पगारच त्यासाठी आहे. त्याला आम्ही स्वप्न चोरणारा म्हणत नाही. तीन टेस्टरनी तीच चूक दाखवली तर "पुढच्या टेस्टरकडे चला" असंही म्हणत नाही, प्रोग्राम दुरुस्त करतो. संध्याकाळी सात वाजता मात्र मी ही अक्कल ऑफिसात ठेवून बाहेर पडायचे. माझ्या वहीत एकोणीस लोकांनी साधारण एकच कारण दिलं होतं : "वस्तू चांगली असेल, पण महाग आहे, आणि मला कोणाच्या मागे लागायला जमणार नाही." एकोणीस वेळा एकच चूक दाखवली गेली आणि मी एकोणीस खुणा केल्या.

सर, आता तुमच्याबद्दल बोलते. तुम्ही पहिल्याच रांगेत बसला आहात, रागावू नका. २०१५ च्या मे महिन्यात मी सरांच्या घरी गेले होते. गणिताच्या सरांसमोर मी कागदावर गोल काढले. मी सहा जण आणायचे, त्या प्रत्येकाने सहा, म्हणजे छत्तीस, मग दोनशे सोळा. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि पुढची ओळ लिहिली. १२९६. मग ७७७६. शाळेत फळ्यावर लिहायचे तसंच, न बोलता, एकाखाली एक. बाराव्या ओळीला आकडा आला २१७ कोटींच्या पुढे. सर म्हणाले, "२०११ च्या जनगणनेत अख्खा देश १२१ कोटींचा आहे. तुझ्या बाराव्या ओळीतल्या माणसाने कोणाकडे जायचं?"

मी म्हटलं, "सर, तितक्या खाली कोणी जातच नाही. मधेच लोक सोडतात."

सर म्हणाले, "मग जिथे थांबेल तिथली शेवटची ओळ बघ."

तेव्हा मी बघितली नाही. मनातल्या मनात सरांच्या नावापुढेही खूण केली. पण त्यांनी नकार कसा दिला ते ऐका. म्हणाले, "ही योजना मला नको. टूथपेस्ट एक दे, तू एवढ्या लांबून आणली आहेस." पैसे मोजून दिले. मग आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. योजनेला नाही म्हणाले, मला नाही म्हणाले नाहीत. इतका स्वच्छ नकार मला पुन्हा कोणी दिला नाही आणि मला तो घेता आला नाही.

शेवटच्या ओळीचं गणित मी पुढे केलं, ते सांगते. प्रत्येकाने सहा जण आणले, तर अशा झाडात कुठल्याही वेळी सहापैकी पाच माणसं सर्वांत खालच्या ओळीत असतात. त्यांच्याखाली कोणी नसतं. झाड लहान असो की मोठं, प्रमाण जवळपास तेच. सहाऐवजी प्रत्येकाने दोनच आणले, तरी निम्म्याहून जास्त लोक तळालाच राहतात. त्यात कोणाचा आळस नाही की कोणाची नकारात्मक वृत्ती नाही. झाडाचा आकारच तसा आहे. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही अशी झाडं रोज काढतो. त्यात पानं सर्वांत जास्त असतात हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. मी मात्र शेंड्याकडे बघत राहिले.

एवढे नकार मिळूनही माझं फार काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते एका होकाराने.

आपल्यातली एक मैत्रीण. तिला विचारूनच सांगते आहे, नाव सांगणार नाही. तिच्या नवऱ्याची नोकरी गेली होती. माझ्या वहीत 'पैशाची गरज' या रकान्यात तिच्यापुढे मी तीन चांदण्या काढल्या होत्या. आज त्या चांदण्यांची सगळ्यात जास्त लाज वाटते. ती पहिल्या भेटीतच हो म्हणाली. तिने योजना नीट पाहिलीसुद्धा नाही. ती म्हणाली, "तू सांगतेस म्हणजे बरोबरच असणार, तुला गणितात पैकीच्या पैकी असायचे." तिने भिशीचे पैसे उचलले आणि अकरा हजारांचा पहिला माल घेतला.

पुढच्या सात महिन्यांत तिने भावाला विचारलं, जावेला विचारलं, शेजारणींना विचारलं. सगळ्यांनी 'बघू' म्हटलं. मग लोक तिला टाळायला लागले. ती मला फोन करून विचारायची, "माझं काय चुकतं गं?" आणि मी तिला काय सांगायचे? जे मला सांगितलं होतं तेच. नकार मोज. पुढच्याकडे जा. तुझा विश्वास कमी पडतोय.

एका रात्री तिचा फोन आला. मालाची दोन खोकी पलंगाखाली तशीच होती. ती म्हणाली, "आता माझ्या यादीत फक्त माहेरच्या गावातली माणसं उरलीत. तिथे गेले तर मला माहेरही राहणार नाही." आणि तिने फोन ठेवला.

तिच्यापुढे कुठली खूण करायची? ती तर हो म्हणाली होती. आमच्या सगळ्या शिक्षणात नकाराचं काय करायचं ते होतं. होकाराची जबाबदारी कोणाची, यावर एकही तास नव्हता.

त्या रात्री मी सव्वादोन वर्षांचा हिशेब मांडला. कमिशन आलं त्रेचाळीस हजार. स्वतःची खरेदी, सेमिनारची तिकिटं, पेट्रोल, हॉटेलं मिळून गेले एक लाख नव्वद हजार. मी सहा जण जोडले होते, त्यातल्या पाच जणांनी आधीच सोडलं होतं आणि सहावी ती. शेवटची ओळ बघ, असं सर म्हणाले होते. शेवटची ओळ म्हणजे पलंगाखालची दोन खोकी.

सगळ्यात अवघड नकार मी त्या आठवड्यात दिला, तो स्वतःला. दोन वर्षं घातली आहेत, आता सोडलं तर सगळं वाया, असं मन सांगत होतं. सोडलं. तिचे अकरा हजार घेऊन तिच्या घरी गेले. तिने घेतले नाहीत. पुन्हा गेले, नाही घेतले. यावेळी मी अठ्ठेचाळीस तासांत फोन केला नाही. वर्षभर थांबले. मग एका दिवाळीत तिचाच फोन आला, "फराळाला ये, आणि ते पैसे घेऊन ये, मुलाची फी भरायची आहे." मैत्री पूर्वीसारखी झाली का? नाही. थोडी जपून असते ती. ते मी मान्य केलं आहे. काही नकार अर्धे असतात, तेही तसेच स्वीकारायचे.

तुमच्यापैकी अनेक जण विक्रीचं काम करतात. कोणी विमा विकतो, कोणी सोलर, कोणी फ्लॅट. तुम्ही रोज नकार घेता आणि मानाने जगता. म्हणून कोणी विकूच नये असं मी म्हणत नाही. आपल्या बॅचमधल्या विमावाल्या मित्राला मी विचारलं, तू कसं सांभाळतोस? तो म्हणाला, "मी फोनवरच सांगतो की विम्यासाठी येतोय. आणि ज्याने नाही म्हटलं त्याच्या घरच्या लग्नाला मला ताठ मानेने जेवायला जाता आलं पाहिजे. तेवढाच माझा नियम."

त्याचा पहिला नियम आता कायद्यातही आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम काढले. विक्रेत्याने सुरुवातीलाच आपण कोण, कोणत्या कंपनीतर्फे आलो, कशासाठी आलो हे खरं सांगायचं. आधी वेळ ठरवल्याशिवाय आणि ओळखपत्राशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही. पिरॅमिड योजनांना या नियमांनी मनाई आहे. माणसं जोडण्यावर नुसता पैसा फिरवणाऱ्या योजनांना तर १९७८ पासूनच कायद्याने बंदी आहे. माझं काम या नियमांच्या आधीचं. पण "चहाला ये" हे आमंत्रण खोटं होतं हे कळायला मला नियमाची गरज पडायला नको होती.

मला जे समजलं ते एवढंच. विकणाऱ्यांनी 'बघू' म्हणजे नाही असं धरावं, समोरचा स्वतः फोन करेपर्यंत. नकारांची संख्या लिहू नये, कारण लिहावं. एकच कारण चार माणसांनी दिलं, तर दोष माणसांत नाही, आपल्या मालात किंवा योजनेत आहे. आणि ज्या धंद्यात प्रत्येक नकार हा समोरच्याचाच दुबळेपणा ठरतो, त्या धंद्यापासून सावध राहावं. नाही म्हणणाऱ्यांना माझी विनंती आहे, सरांसारखं म्हणा. स्पष्ट म्हणा, चहा पाजा आणि आईची चौकशी करा. तुमचा 'बघू' आम्हाला लागत नाही, पण आमच्यासारख्यांना तो फार लांब घेऊन जातो.

शेवटी, ज्यासाठी इथे उभी राहिले ते. ज्यांना मी चहाला बोलावून गोल काढून दाखवले, ज्यांना पुन्हा पुन्हा फोन केले, ज्या मैत्रिणीने माझ्यामुळे ग्रुप सोडला, त्या सगळ्यांची मी आज सर्वांसमोर माफी मागते. ती मैत्रीण आज आलेली नाही. तिला मी पत्र लिहिलं आहे. उत्तर आलं नाही तर तो तिचा नकार, आणि तो मी वाचेन.

सर, ती टूथपेस्ट कशी होती, हे मी तुम्हाला कधीच विचारलं नाही. आज जेवताना विचारणार आहे.

आणि कोणी घाबरू नका. माझ्या पिशवीत आज ही वही आणि कंदी पेढे, एवढंच आहे. पेढे सगळ्यांसाठी आहेत, फुकट आहेत, आणि नको असतील तर नुसतं नाही म्हणा.